सांधा दिसावा कीं लपावा?

एक गोष्ट संपते आणि दुसरी सुरू होते, या दोहोंच्या मधल्या जागेचें काय करावें, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक असला तरी प्रत्येक कारागिराला तो रोज सोडवावा लागतो. शिंपी शिवण आंतल्या बाजूस घेतो. सोनार डाग दिल्यावर ती जागा घांसून अशी करतो कीं, कडी कोठें जोडली तें घेणाराच्या लक्षांतहि येऊं नये. उलट गोधडी शिवणाऱ्या बाईला आपला टांका लपवावासा वाटत नाहीं. धांवदोऱ्याच्या त्या ओळी हेंच तिच्या गोधडीचें रूप असतें. दोघांचेंहि काम चोख, आणि दोघांपैकीं एक लबाड आहे असें कोणी म्हणत नाहीं. मग सांधा लपविणें हा गुण केव्हां आणि दोष केव्हां? प्रस्तुत लेखांत आम्ही हा प्रश्न संगीताच्या क्षेत्रांतील एका अलीकडच्या उदाहरणावरून पाहणार आहों. उदाहरण यंत्राचें आहे म्हणून कांहीं वाचक पान उलटण्याच्या बेतांत असतील, तर त्यांस एवढीच विनंति कीं, त्यांनीं थोडा धीर धरावा. यंत्राचा भाग फारसा कठीण नाहीं, आणि तो ओलांडल्यावांचून पुढच्या विचाराला पाय टेंकावयास जागा मिळणार नाहीं.

सिंथेसायझर हें पेटीसारख्या काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचें, विजेवर चालणारें वाद्य आज लग्नाच्या मांडवापासून चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणापर्यंत सर्वत्र आढळतें. त्याचें वेगळेपण असें कीं, त्याला स्वतःचा म्हणून एक आवाज नाहीं. सारंगी कोणीहि वाजविली तरी ती सारंगीच राहते. सनईची बासरी होत नाहीं. हें वाद्य मात्र घटकेंत बासरी, घटकेंत व्हायोलिनांचा ताफा, घटकेंत देवळांतली घंटा होऊं शकतें. आणि कधीं कधीं तर कोठल्याहि लाकडांतून, कातड्यांतून किंवा तारेंतून पूर्वीं न निघालेला असा एखादा नाद काढतें. यामुळें तें वाजविणारावर एक नवेंच काम येऊन पडलें. सारंगियाला सूर, ताल आणि राग एवढें सांभाळावें लागतें. याला त्यांशिवाय वाजवतां वाजवतां आपला कंठच बदलावा लागतो. आणि तोहि समोर लोक बसलेले असतांना व गाण्याचा ओघ चालूं असतांना.

आरंभीं हें काम हातानें होत असे. रॉबर्ट मूग यांच्या कारखान्यांतून १९७० सालीं बाहेर पडलेलें मिनिमूग हें वाद्य सहज उचलून नेतां येण्याजोगें होतें, पण त्याला स्मरणशक्ति नव्हती. एक आवाज जमवावयाचा म्हणजे फळीवरच्या खुंट्या एकेक फिरवून जागच्या जागीं आणावयाच्या. दुसरा हवा असल्यास त्या पुन्हां फिरवावयाच्या. कोणती खुंटी किती फिरवावी याचीं चित्रें काढलेले कागद वादक जवळ बाळगीत, आणि दोन गाण्यांच्या मध्यें टाळ्या पडत असतांना हें सारें उरकून घेत. पुढें १९७८ सालीं अमेरिकेंत डेव्ह स्मिथ यांच्या सिक्वेन्शियल सर्किट्स या कंपनीनें प्रॉफेट-५ हें वाद्य काढलें. त्यांत ४० आवाज सांठवून ठेवतां येत व बटण दाबतांच हवा तो पुढें येई. १९८३ सालीं निरनिराळ्या कारखानदारांनीं मिळून मिडी नांवाची एक सामाईक बोली प्रचारांत आणली. या बोलींत 'अमुक क्रमांकाचा आवाज लाव' अशी एक आज्ञा आहे व ते क्रमांक १२८ आहेत. ही आज्ञा तारेंतून पोंचावयास सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनहि कमी वेळ लागतो.

एवढ्यावर प्रश्न सुटला असें वाटावें; पण खरी अडचण येथूनच सुरू झाली. नव्या आवाजाला बोलावणें सोपें झालें, परंतु जुन्याला निरोप कसा द्यावा याची कोणीं फारशी तजवीज केलेली नव्हती. अशी कल्पना करा कीं, वादकाच्या डाव्या हाताखालीं तीनचार स्वर दाबून धरलेले आहेत, मोठ्या दालनांत घुमावा तसा त्यांचा घुमारा मागें चालला आहे, आणि इतक्यांत बटण दाबलें गेलें. यंत्राच्या आंतली सारी बैठक एकदम बदलते. धरलेला स्वर मध्येंच तुटतो. घुमारा उत्पन्न करणारा भाग नव्या आवाजाच्या गरजेप्रमाणें पुन्हां मांडला जातो, आणि त्यामुळें जुन्या स्वराची आंस हवेंत विरण्याऐवजीं कात्रीनें कापल्यासारखी नाहींशी होते. कधीं एखादी टिचकी ऐकूं येते, कधीं क्षणभर नुसती पोकळी. श्रोत्याला यंत्राची कांहींच माहिती नसते. तथापि बोलणाराचा शब्द कोणीं तरी अर्ध्यावर तोडला, एवढें त्याच्या कानाला नक्की कळतें.

यावर वादकांनीं जे उपाय शोधले ते आम्हांस मोठे मनोज्ञ वाटतात. कोणी पट्ट्यांचे दोन भाग करून डावीकडे एक व उजवीकडे दुसरा आवाज ठेवी, म्हणजे बदल करावयाचाच नाहीं, नुसता हात सरकवावयाचा. कोणी दोन वाद्यें एकावर एक मांडून खालच्यावरचा स्वर धरून ठेवी आणि तेवढ्यांत वरच्याचा आवाज बदली. कोणी दोन्ही आवाज एकत्र लावून पायाखालच्या कळीनें एक उतरवीत दुसरा चढवी. आणि ज्याच्याजवळ यांपैकीं कांहींच नसे तो गाण्यांतली एखादी रिकामी मात्रा हेरून ठेवी व तेवढ्या फटींतून निसटे. गाण्यांत अशी फट कोठें आहे हें शोधण्यासाठीं तें गाणें किती बारकाईनें ऐकावें लागत असेल, याची कल्पना करून पाहावी.

ही विद्या या वाद्याहूनहि जुनी आहे. पॅरिस येथील सँ-सुल्पिस चर्चमधला मोठा ऑर्गन कॅव्हाये-कोल या कारागिरानें १८६२ सालीं पुरा केला, तेव्हां त्याला हातांनीं वाजविण्याच्या पट्ट्यांच्या ५ ओळी व आवाज निवडण्याच्या १०० खुंट्या होत्या. आपल्या पेटीच्या पुढच्या अंगास ओढण्याच्या खुंट्या असतात तशाच या. परंतु इतक्या कीं, एका माणसाचे हात त्यांना पुरत नाहींत. म्हणून असे ऑर्गन वाजतांना वादकाच्या बाजूस मदतनीस उभे राहून खुणेसरशी खुंट्या ओढीत व ढकलीत. तेथेंहि धरलेल्या स्वराचा रंग खुंटी ओढतांच बदलतो. परंतु तें कानाला टोंचत नाहीं, याचें एक कारण आम्हांस असें दिसतें कीं, तेथला घुमारा यंत्राचा नसून दगडी इमारतीचा असतो. आणि इमारत कोणाच्या आज्ञेनें आपली आंस तोडीत नाहीं. विजेच्या वाद्यानें ती इमारतच आपल्या पोटांत घेतली. त्यामुळें आवाज बदलला कीं त्याच्याबरोबर इमारतहि बदलूं लागली. एका देवळांत आरंभलेला सूर संपण्यापूर्वींच देऊळ पाडून तेथें दुसरें उभें करावें, तसें हें झालें.

अलीकडच्या वाद्यांनीं हा दोष पुष्कळ अंशीं दूर केला आहे. २०११ सालच्या कोर्गच्या क्रोनोसमध्यें व २०१६ सालच्या यामाहाच्या मोंटाजमध्यें अशी व्यवस्था आहे कीं, आवाज बदलला तरी आधीं दाबून धरलेले स्वर त्यांच्या घुमाऱ्यासह जुन्याच आवाजांत पुरे होतात, आणि बदलानंतर दाबलेल्या पट्ट्या मात्र नव्या आवाजांत बोलतात. म्हणजे कांहीं क्षण यंत्राच्या आंत दोन बिऱ्हाडें एकदमच नांदत असतात. ही सोय फुकट मिळत नाहीं. यंत्राची एकंदर शक्ति ठरलेली. तिच्यांतला कांहीं भाग जाणाऱ्यासाठीं राखून ठेवावा लागतो. मोंटाजमध्यें एका मांडणींत आठांहून अधिक भाग जोडले, तर ही सोय मिळत नाहीं. ज्याला सर्व शक्ति नव्याच्या थाटामाटावर खर्च करावयाची असेल, त्याला जुन्याचा निरोप परवडत नाहीं असा याचा अर्थ.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. या गुळगुळीतपणावर पहिला आक्षेप सचोटीचा घेतला जातो. सांधा लपविला म्हणजे कांहीं तरी लपविलें. आणि कलावंतानें श्रोत्यापासून लपवाछपवी कां करावी? आक्षेप सरळ आहे, म्हणून त्याला उत्तरहि सरळ दिलें पाहिजे. वाग्नरनें १८७६ सालीं बायरॉइट येथें आपलें नाट्यगृह उघडलें, तेव्हां वादकांचा सारा ताफा रंगमंचाखालीं अशा खोलगट जागेंत बसविला कीं, तो प्रेक्षकांच्या दृष्टीस पडूं नये. तेथेंहि लपविणें आहेच. पण त्या नाट्यगृहांतून बाहेर पडणारा एकहि प्रेक्षक आज वाद्यें नव्हतींच अशा समजुतीनें घरीं जात नाहीं. काय लपलें आहे हें त्याला ठाऊक असतें, व तें लपावें यास त्याची संमति असते. फसवणूक होते ती निराळीच. पूर्वीं मुद्रित करून ठेवलेलें वादन ध्वनिक्षेपकांतून सोडून द्यावें आणि समोर पट्ट्यांवर नुसतीं बोटें नाचवावीं, असाहि प्रकार आज घडतो. तेथें श्रोत्यापासून लपविलें जातें तें हें कीं, ज्या श्रमासाठीं तो येऊन बसला आहे तो श्रम येथें होतच नाहीं. या दोन प्रकारांत जें अंतर आहे तें ओळखल्याशिवाय या वादांत एक पाऊलहि पुढें टाकतां येणार नाहीं.

मग आपल्या उदाहरणांत नेमकें काय लपलें? नीट पाहिलें तर कांहींच नाहीं. जुना स्वर वादकानेंच लावला होता. त्याचें बोट उचललें जाईपर्यंत तो वाजला, आणि मग आपल्या स्वभावधर्माप्रमाणें विरला. नवा स्वरहि त्यानेंच लावला. श्रोत्याला दोन्ही ऐकूं आले, बदल झाला हेंहि त्याला कळलें. उलट जुन्या यंत्रांत जो तुकडा पडे तोच खोटा होता, कारण तेथें स्वर तुटावा असें वादकाच्या मनांत नसतांना यंत्र तो तोडीत असे. सोनाराची उपमा आम्हीं आरंभीं दिली खरी. परंतु ती येथें लागू पडत नाहीं असें आतां म्हणणें भाग आहे. सोनार डाग घांसून काढतो तो कडी अखंड होती असें वाटावें म्हणून. येथें कोणी कांहीं घांसून काढीत नाहीं. जो चालला आहे त्याला ढकलून न देतां जाऊं देणें, एवढेंच येथें घडतें. बाहेरून दोन्ही गोष्टी सारख्याच गुळगुळीत दिसतात, आणि म्हणूनच त्यांची गल्लत होते.

सरकारी नोकरींत दिवस काढलेल्या वाचकांना ही गोष्ट चटकन् पटेल. बदलीचा हुकूम एका ओळीचा असतो व तो पोंचावयास वेळ लागत नाहीं. परंतु जुन्या अंमलदारानें हातीं घेतलेलीं कामें हुकमाबरोबर संपत नाहींत. चांगल्या कचेरींत चार्ज देण्याघेण्याचे दोन दिवस असतात. त्या दोन दिवसांत एकाच टेबलापाशीं दोघे बसतात, आणि ज्या पक्षकाराचें म्हणणें जुन्यानें अर्धें ऐकून घेतलें आहे तें जुनाच पुरें ऐकतो. वाईट कचेरींत नवा साहेब येतो, जुनीं कागदपत्रें कपाटांत जातात आणि पक्षकाराला पहिल्यापासून सारें सांगावें लागतें. चांगल्या कचेरीनें कांहीं लपविलें असें कोणी म्हणेल काय?

तरी एवढ्यावरून प्रत्येक सांधा असाच विरघळला पाहिजे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. आपल्या इकडची रीत पाहिली तर ती याच्या अगदीं उलट दिसते. नारदीय कीर्तनांत पूर्वरंग संपतो तेव्हां बुवा तो संपला हें झांकीत नाहींत. मध्यें नामाचा गजर होतो, बुवांना बुक्का लावतात, गळ्यांत हार घालतात, मंडळी जरा सरसावून बसतात आणि मग उत्तररंगाचें आख्यान लागतें. निरूपणाचा आवाज आणि आख्यानाचा आवाज यांमधल्या जागेचा आपल्या पूर्वजांनीं समारंभच करून टाकला. तबलजी भर मैफलींत हातोडी उचलून गट्टा ठोकतो, सूर लावून पाहतो, पुन्हां ठोकतो; त्यांत कोणाला उणेपणा वाटत नाहीं. ख्याल गाणारा विलंबित संपवून द्रुत चीज धरतो तेव्हां ताल बदलतो, लय बदलते, तबल्यावरचा हात बदलतो. श्रोते हा बदल उघड्या डोळ्यांनीं पाहतात व त्याची वाटहि पाहत असतात.

हें सारें खपतें कसें? आमच्या मतें तंबोऱ्यामुळें. वर कितीहि उलथापालथ झाली तरी मागें षड्जाची आंस अखंड चालूं असते, आणि कानाला धरावयास एक दोरी मिळालेली असते. त्या दोरीच्या आधारावर वरचे सांधे उघडे राहूं शकतात. कीर्तनांत तें काम टाळ, मृदंग आणि नाम करतात. सिंथेसायझर वाजविणारे कित्येक वादक खालीं एक लांब मंद स्वर धरून ठेवून त्याच्यावर आवाज बदलतात, तेंहि याच जातीचें. म्हणजे अखंडता हवी हें दोन्हीकडे मान्य आहे. ती नेमकी कोठें ठेवावयाची, एवढाच फरक. आणि फरक म्हणावा तर असा कीं, जेथें मागें तंबोरा आहे तेथें सांधा उघडा ठेवण्याची ऐट परवडते. ज्याच्यामागें कांहींच नाहीं, त्या एकट्या वादकाला 'तूं आपला सांधा उघडा ठेव, तोच प्रामाणिकपणा' असा उपदेश करणें हें आम्हांस थोडें निष्ठुरपणाचें वाटतें.

येथें एका जुन्या वादाची आठवण होते. १९४० सालीं आकाशवाणीवर पेटीला बंदी झाली, व ती १९७१ पासून अंशतः उठली. पेटीवरचा मुख्य आक्षेप हाच होता कीं, तिच्यांत एका स्वरावरून दुसऱ्यावर मींड घेऊन जातां येत नाहीं. मधली वाट नाहींशी होते व उडी तेवढी राहते. तेवढ्यासाठीं एका वाद्याला तीस वर्षें दाराबाहेर ठेवावें हें आम्हांस पटत नाहीं. पेटीनें आपल्या मराठी रंगभूमीला जें दिलें तें उडी मारीत मारीतच दिलें. तथापि आक्षेपाच्या मुळाशीं असलेली जाणीव खोटी नव्हती. दोन स्वरांमधली वाट हीहि संगीतच आहे, ही ती जाणीव. पेटीबद्दल जें दोन स्वरांविषयीं म्हटलें गेलें तेंच आतां या नव्या वाद्याबद्दल दोन आवाजांविषयीं म्हणावें लागत आहे.

दुसरा आक्षेप याहून जड आहे, आणि त्याला आमच्याजवळ असें सोपें उत्तर नाहीं. एका वाद्याचे शंभर आवाज झाले ते कोणाच्या जागीं? हिंदी चित्रपटगीतांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत सुरुवातीला व्हायोलिनें, पहिल्या कडव्यापूर्वीं बासरी, दुसऱ्यापूर्वीं अकॉर्डियन असें ऐकूं येतें, तेव्हां त्यामागें तितके निरनिराळे लोक बसलेले असत. मुंबईच्या चित्रपटसृष्टींत सिंथेसायझर आणणाऱ्यांत केर्सी लॉर्ड यांचें नांव घेतलें जातें. ते स्वतः अकॉर्डियनचे नामांकित वादक होते, व नवें वाद्य त्यांनीं नव्या नादाच्या ओढीनें हातीं घेतलें. परंतु तेंच गीत पुढें गांवोगांवच्या ऑर्केस्ट्रांत गणेशोत्सवाच्या मांडवांत वाजूं लागलें, तेव्हां पुष्कळदां या सर्वांची भर एकच माणूस दोन हातांनीं काढूं लागला. तो जितक्या सफाईनें व्हायोलिनावरून बासरीवर आणि बासरीवरून अकॉर्डियनवर जाईल तितकी वाहवा. आणि तितकेंच बाकीचे लोक तेथें नाहींत हें कोणाच्या लक्षांत न येणें. लंडनमध्यें १९८२ च्या मे महिन्यांत वादकांच्या संघाच्या मध्य लंडन शाखेनें अशीं वाद्यें वापरण्यावर बंदी असावी असा ठराव केला होता. एका लोकप्रिय गायकाच्या दौऱ्यांत वाद्यवृंदाची जागा या वाद्यांनीं घेतली, हें त्याचें निमित्त. संघानें एकंदरींत तो ठराव उचलून धरला नाहीं, आणि काळहि त्याच्या बाजूस उभा राहिला नाहीं.

त्या ठरावाला हंसणें सोपें आहे. आम्हांस हंसूं येत नाहीं. ज्या माणसानें लहानपणापासून बारा वर्षें गज ओढण्यांत घालविलीं, त्याच्या जागीं एक क्रमांक येऊन बसला, ही गोष्ट संगीताच्या इतिहासांतली असली तरी प्रथम ती एका घराच्या जमाखर्चांतली गोष्ट आहे. येथें मात्र सांधा न दिसण्याला खरोखरच नैतिक बाजू येते. वर आम्हीं म्हटलें कीं, गुळगुळीत बदलांत कांहीं लपत नाहीं. तें एका वादकापुरतें व त्याच्या स्वरापुरतें खरें आहे. रिकाम्या खुर्च्यांच्या बाबतींत तें खरें नाहीं. तेथें सफाई एक प्रकारचा पडदा होते. तरीहि दोषाचें माप बरोबर घालावें. आवाज बदलतांना मुद्दाम खडखडाट ठेवला म्हणून व्हायोलिनवाला परत येणार नाहीं. खुर्च्या रिकाम्या केल्या त्या कार्यक्रम ठरविणारानें, व बहुधा तिकिटाचा दर डोळ्यांपुढें ठेवून. त्याचा ठपका बिचाऱ्या वादकाच्या पायाखालच्या कळीवर ठेवून भागणार नाहीं. तो वादक स्वतःहि रात्रीच्या बिदागीवरच जगत असतो. श्रोत्यांच्या हातांत एवढें आहे कीं, चार वाद्यांचें काम एकानें केलें असें जाहीर झालें तर टाळी वाजविण्यापूर्वीं बाकीचे तीन कोठें गेले हें विचारावें. आमच्या अनुभवास हा प्रश्न विचारणारा श्रोता फारसा आलेला नाहीं.

तिसरा आक्षेप वादकांतच ऐकूं येतो. पूर्वीं जें कौशल्य होतें तें आतां यंत्र करूं लागलें. मग वादकाचें काय राहिलें? रिकामी मात्रा हेरणें, एका हातानें स्वर धरून दुसऱ्यानें बटण दाबणें, पायानें तोल सांभाळणें हें सारें शिकण्यांत ज्यांचीं वर्षें गेलीं त्यांना ही सोय थोडी खुपणारच. या दुःखाशीं आमची सहानुभूति आहे. पण युक्तिवाद आम्हांस मान्य नाहीं.

लंडनच्या वेस्ट एंडमध्यें किंवा न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर संगीत नाटकें होतात, त्यांत रंगमंचापुढच्या खळग्यांत बसलेल्या पट्टीवादकाला एका रात्रींत शेंकडों वेळां आवाज बदलावे लागतात. सारे आवाज नाटकाच्या क्रमानें आधीं ओळीनें लावून ठेवलेले असतात, आणि वादक पायाखालची कळ दाबून एकेक पुढें सरकवतो. स्वरलिपीच्या कागदावर कोणत्या मात्रेवर कळ दाबावयाची याच्या खुणा असतात. आतां समजा, एके ठिकाणीं पाय चुकून दोनदां पडला. त्या क्षणीं कदाचित् कांहींच बिघडलेलें दिसणार नाहीं, कारण हाताखालचा स्वर जुन्याच आवाजांत चालूं असेल. पण पुढची पट्टी दाबतांच वीणेच्या जागीं तुताऱ्या वाजूं लागतील, आणि तेथून पुढें प्रत्येक आवाज एका घरानें सरकलेला निघेल. यंत्र जितकें सफाईदार, तितकी चूक उशिरां कळणारी. म्हणजे सावधपणाची गरज कमी झालेली नाहीं. ती एक मात्रा अलीकडे सरकली आहे. पूर्वीं बदलाच्या क्षणीं जागें राहावें लागे. आतां त्याच्या आधीं.

आणि दुसरी गोष्ट याहूनहि महत्त्वाची. जुन्या यंत्राच्या काळांत बदल केव्हां करावयाचा हें पुष्कळदां फटच ठरवीत असे. जेथें रिकामी मात्रा मिळेल तेथें बदल. मग तो भाव तेथें पुरा झालेला असो वा नसो. आतां फटीची सबब उरली नाहीं. कोणत्याहि क्षणीं, एका शब्दाच्या मध्यावरहि, आवाज बदलतां येतो. म्हणून हा क्षण कां निवडला, याचें उत्तर वादकाला स्वतःच्या कानाकडून घ्यावें लागतें. आम्हीं असे वादक ऐकले आहेत कीं, ही मोकळीक मिळाल्यापासून ते दर चार मात्रांनीं रंग बदलतात. बदल इतके सहज होतात कीं, एकहि आवाज कानांत घर करीत नाहीं. मुलांच्या हातांत नवी रंगपेटी पडली म्हणजे असेंच होतें. आणि असेहि ऐकले आहेत कीं, दहा मिनिटें एकाच साध्या आवाजावर राहून ते मग एकदांच बदलतात, आणि तेवढ्यानें सभागृहांतला उजेड बदलल्यासारखा वाटतो. दोघांचें यंत्र एकच असूं शकेल.

शिवाय जेथें तोडणेंच योग्य असतें अशाहि जागा आहेत. नाटकांत मेजवानी चालली आहे, वाद्यें घुमत आहेत, आणि दारांत निरोप्या येऊन वाईट बातमी सांगतो. तेथें आधींचा घुमारा मागें रेंगाळला तर तो प्रसंगाचा घात करील. तेथें कात्रीच हवी. जुन्या यंत्राला ही कात्री आयतीच होती. नव्याला ती नाहीं. म्हणून अशा जागीं वादकाला दोन मात्रा आधींपासून घुमारा उतरवीत आणावा लागतो, आणि निरोप्याचें पाऊल उंबऱ्यांत पडतांच डावा हात पट्ट्यांवरून स्वतः उचलावा लागतो. तो कोणत्या अक्षरावर उचलावयाचा, हें दिग्दर्शकाबरोबर तालमींत भांडून ठरवून घ्यावें लागतें. आणि नट रोज तें वाक्य त्याच लयींत बोलेल अशी खात्री नसल्यामुळें, वादकाला कागदावरची नजर काढून त्याच्या तोंडाकडे पाहत बसावें लागतें.